भिंतीकडची कूस

मी काय काम करत असे असं कोणी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "तुम्हाला किळस नाही हो येत?" येत असे. पहिल्या दिवशी आली, काम सोडलं त्या दिवशीही आली. चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात म्हणून कोणी रांधायचं सोडत नाही, तसंच ते. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकालाही कधी "मग तिथे तुम्ही नेमकं करत काय होता?" असं विचारावंसं वाटलं नाही. या अंकाच्या संपादकांनी ते विचारलं तेव्हा मला आनंद झाला, आणि थोडा रागही आला, की इतकी वर्षं कुठे होता?

तर सांगते. मी माणसांच्या कुशी बदलत असे. बाकी पुष्कळ कामं होती. अंग पुसणं, नखं काढणं, पेज भरवणं, भांडी उचलणं, चादरी उकळणं. पण ज्याला हलता येत नाही त्याला या कुशीवरून त्या कुशीवर करणं, हेच खरं काम. ते चुकलं तर बाकीचं सगळं केलेलं फुकट जातं.

रत्नागिरीला समुद्राच्या अंगाला चढणीवर जांभ्या दगडाची एक लांबट इमारत होती. एका गलबतवाल्या व्यापाऱ्याने मागे कोणी नसलेल्या म्हाताऱ्या आणि पांगळ्या माणसांसाठी ती बांधून दिली होती. पाटीवरचं तिचं नाव लांबलचक आणि संस्कृत होतं; गावात सगळे 'म्हाताऱ्यांचा बंगला' म्हणत. एका अंगाला बायका, दुसऱ्या अंगाला पुरुष, मध्ये स्वयंपाकघर आणि व्यवस्थापकांची खोली. मी तिथे लागले ती एकोणीसशे वीस सालानंतर थोड्याच दिवसांनी. नवरा मुंबईला गिरणीत होता, तो तिकडेच तापाने गेला. संगमेश्वराकडच्या खेड्यात सासर. तिथे दिराने मला राहा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही, फक्त माझ्याशी बोलणं बंद केलं. शेवटी भावाने बंगल्यात आणून सोडलं आणि "इथे निदान जेवणाचं बघतील," म्हणून तो परतला. मला वाटलं, आपल्याला इथे ठेवून घ्यायला आणलंय. काम करायला आणलंय हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, आणि मला फार बरं वाटलं.

मला काम शिकवलं ते राधाकाकूंनी. त्याही माझ्यासारख्याच विधवा. वयाने पुष्कळ मोठ्या, अंगाने काटकुळ्या आणि जिभेने तिखट. त्यांचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडले तर दिवसभर ऐकून घ्यावं लागे. नखं वाढवायची नाहीत. कामाला लागताना हातात बांगडी नको. आम्हा दोघींना काढायला बांगड्या नव्हत्याच, हा आमच्या नशिबाचा एवढाच एक फायदा. हात लावण्याआधी माणसाला सांगायचं, मग तो बहिरा असो की बेशुद्ध असो: "आता मी तुमचा खांदा धरते हं." माणसाच्या डोक्यावरून त्याच्याचविषयी दुसऱ्याशी बोलायचं नाही. चादरीला सुरकुती ठेवायची नाही. आपल्याला ती सुरकुती वाटते, न हलणाऱ्याच्या पाठीला ती सुरी लागते. आणि भरवताना उभं राहायचं नाही, बसून भरवायचं. "उभ्याने गुरांना घालतात, गो," काकू म्हणत.

कातडी लाल दिसली की काकूंचा चेहरा बदलायचा. एकाच जागी भार पडून राहिला की आधी कातडी लाल होते, मग काळपट, मग फुटते, आणि एकदा फुटली की आत आत हाडापर्यंत पोखरत जाते. डॉक्टर त्याला शय्याव्रण म्हणत. आम्ही नुसतं 'जखम पडली' म्हणत असू, आणि तेही हळू आवाजात. कारण ती जखम रोग्याच्या अंगावर दिसली तरी लाज आमची होती. कोणाला ताप आला तर देवाची मर्जी, कोणाला जखम पडली तर वेणूने, म्हणजे मी, कूस बदलली नाही. हे डॉक्टरही मानत, काकूही मानत आणि मीही मानत असे.

घड्याळ एकच होतं, व्यवस्थापकांच्या खोलीत, आणि ते त्यांच्या मर्जीने चाले. आम्ही कुशी बदलत असू त्या मशिदीच्या बांगेवर आणि देवळाच्या घंटेवर. मधल्या वेळाला पेज, चहा आणि दिवेलागण होतीच. मोहल्ल्यातले मौलवी आणि देवळातले गुरव यांना कधी कळलं नसेल, की त्यांच्या आवाजावर चढणीवरच्या बंगल्यात माणसं डावीकडून उजवीकडे होतात.

पुरुषांच्या अंगाला तुकाराम नावाचा गडी होता. तो एके दिवशी मुंबईला जातो म्हणाला आणि गेला. आमच्याकडचा धडधाकट पुरुष मुंबईला जाणार, यात कोणाला नवल वाटत नाही. त्याच्या जागी दुसरा मिळेना. म्हाताऱ्यांचं गू-मूत काढायला कोण येतो? चार दिवस व्यवस्थापक भिकाजीपंत स्वतः बाह्या सारून फिरले आणि पाचव्या दिवशी कंबर धरून बसले. मग मी गेले. बाईमाणसाने परक्या पुरुषांची अंगं पुसायची, तीही विधवेने! गावात बोलायचं ते लोक बोलले. भावाच्या घरी गेले तेव्हा वहिनीने विहिरीवर पाणी काढून ठेवलं होतं, मी आधी अंघोळ करावी म्हणून. मी अंघोळ केली, जेवले, भांडं घासून पालथं घातलं आणि पुन्हा त्या घरी गेले नाही. सणावाराला मला कुठून बोलावणं नसेच, तेव्हा तसा फार फरक पडला नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे पडला होता.

पुरुषांचं दालन लांबलचक होतं. पूर्वेला सलग भिंत, पश्चिमेला खिडक्या, आणि खिडक्यांतून खाली समुद्र. खाटा भिंतीला लांबीने लागून एकीमागे एक मांडलेल्या, सगळ्यांच्या उशा दक्षिणेला. म्हणजे डाव्या कुशीवर झोपलं की समोर समुद्र, उजव्या कुशीवर झोपलं की नाकासमोर भिंत. हे मी मुद्दाम समजावून सांगते आहे, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

तिसाच्या आसपासची गोष्ट. एका सकाळी बंदरावरून चार खलाशांनी शिडाच्या कापडाच्या झोळीत घालून एक माणूस आणला. देवगडाकडचा, आयुष्यभर गलबतांवर तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य. मालाच्या फळीवरून खाली तळात पडला होता आणि कमरेखालचं अंग गेलं होतं. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. एक पुतण्या होता, तो आगबोटीवर कामाला लागून कुठल्या कुठल्या देशांत फिरत होता. खलाशांनी त्याला खाटेवर ठेवलं, पाया पडले आणि ओहोटीच्या आत निघायचं म्हणून पळाले. तांडेलाने एकदा छपराकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "बाय, माका खिडकीकडे तोंड करून ठेव, आणि मगे खंय जावचा थंय जा."

असा तो माणूस. केस पांढरे, छाती पिंपासारखी आणि आवाज असा, की पुरुषांच्या अंगाला शिंकला तर बायकांच्या अंगाला भांडी वाजत. खिडकीतून दिसणारं शीड कुठल्या बंदराचं, त्यात माल काय, ते भरलेलं की रिकामं, हे तो पडल्या पडल्या सांगे. चूक काढायला दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा बरोबरच असेल.

त्याच्या डोक्याकडच्या भिंतीपलीकडे कोठीची खोली होती आणि पायथ्याशी बाबाजींची खाट. बाबाजी म्हणजे कोर्टातले निवृत्त पट्टेवाले. जन्मभर कोर्टाच्या दारात उभं राहून त्यांनी माणसांची नावं पुकारली होती. ती सवय सुटली नव्हती. रोज सकाळी ते दालनातल्या प्रत्येकाचं नाव तीनदा पुकारत आणि "हजर" म्हणवून घेत. कोणी उत्तर दिलं नाही तर मला हाक मारून सांगत, "वेणूबाई, गैरहजर आहे, जिवंत आहे का बघा." तांडेलाने पहिल्याच दिवशी हजेरी द्यायला नकार दिला. तेव्हापासून दोघांचं वाकडं.

तांडेलाची कूस बदलणं हे रोजचं भांडण होतं. डाव्या कुशीवर, समुद्राकडे, तो तासन्‌तास खुशीत असे. बांग झाली, मी गेले, "तांडेल, आता तुमचा खांदा धरते," म्हटलं की तो हाताने खाटेचा दांडा घट्ट धरी. "ऱ्हवांदे गो. माका दुखत नाय." दुखत नाही हीच तर अडचण होती. तुम्ही-आम्ही झोपेतसुद्धा कूस बदलतो, कारण अंग दुखून सांगतं. ज्याचं अंग सांगायचंच थांबलं, त्याच्यासाठी सांगणारं माणूस लागतं. हे मी त्याला समजावलं. त्याने ऐकून घेतलं, उजव्या कुशीवर झाला, भिंतीकडे तोंड करून गप्प पडला, आणि मी वळल्यावर दोन्ही हातांनी खाट ओढत पुन्हा डावीकडे वळला. हातांत जोर होता मेल्याच्या.

एकदा सकाळी अंग पुसताना डाव्या खुब्यावर काळपट डाग दिसला. बोटाने दाबला तर रंग हलला नाही. मी काकूंना बोलावलं. त्या वाकल्या, बघितलं आणि पाणी उकळायला ठेवायला गेल्या. आठवड्याभरात ती जागा फुटली.

डॉक्टर शांत माणूस होते, कोणावर आवाज चढवत नसत. जखम धुऊन त्यांनी मला बाहेर पडवीत नेलं. "अजून वरवर आहे. हाडापर्यंत गेली तर मग माझ्या हातात काही नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ती भरेपर्यंत डाव्या बाजूवर भार पडता कामा नये. उजवी कूस, पालथं, पुन्हा उजवी. असं जमवा."

म्हणजे भिंत. पालथं त्याला फार वेळ सोसत नसे, दम लागे. राहिली ती भिंत.

मी त्याला खरं ते सांगितलं. तो घाबरला असावा, कारण त्याने मुळीच वाद घातला नाही. मुकाट्याने उजव्या कुशीवर झाला आणि तसाच पडून राहिला. पहिल्या दिवशी त्याने पेज अर्धी टाकली. दुसऱ्या दिवशी कुळथाची पिठी आणि भात नेला, तर तोंड उघडेना. आवडतो म्हणून सुका बांगडा भाजून नेला.

"नको माका."

"अन्न गेलं नाही तर जखम भरत नाही, तांडेल."

"भरान काय करू? हंय काय बघूचा? पाल?"

खरोखरच भिंतीवर पाल होती. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. शिडांच्या गोष्टी बंद झाल्या. बाबाजींनी सकाळी त्याचं नाव पुकारलं, तर त्याने हळूच "हजर" म्हटलं. त्याने मी फार घाबरले. बाबाजीसुद्धा घाबरले, पुढचं नाव पुकारायचं विसरले. जखम एकीकडून धुवावी आणि माणूस दुसरीकडून विरत जावा, असं चाललं होतं. काकू म्हणाल्या, "हा दिवाळी बघत नाही."

मग एका दुपारी मी त्याला पालथ्याचा उजव्या कुशीवर करत होते. तो एकदम खेकसला, "माका कित्या परततंस? मी काय भाकरी आसंय? खाट परत गो!"

खाट परतणं शक्य नव्हतं. ती शिशवी होती आणि भिंतीतल्या कड्यांना बांधलेली. पण मी हातातलं काम तसंच ठेवून उभी राहिले. खाट नाही फिरत, पण माणूस फिरेल. उशी उत्तरेला केली आणि पाय दक्षिणेला, तर उजवी कूस समुद्राकडे येते! इतकं सोपं होतं. इतक्या दिवसांत ते कोणाला का सुचलं नाही, तेही मला त्याच क्षणी कळलं. दक्षिणेकडे पाय करून आपल्याकडे फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात.

मी काकूंना विचारलं. ज्या बाईने मला सगळं शिकवलं, तिने कानांवर हात ठेवले. "अगो वेणू, जिवंत माणसाला यमाच्या दारात पाय करून निजवायचं? माझ्या हातून व्हायचं नाही, आणि तूही करायचं नाहीस." भिकाजीपंतांकडे जाईपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती, कारण बाबाजींनी सर्व ऐकलं होतं आणि काठी टेकत टेकत जाऊन रीतसर तक्रार गुदरली होती. "साहेब, माझ्या उशाशी प्रेत ठेवण्याचं घाटत आहे. मी या जागेत आधीपासून आहे."

भिकाजीपंत भले गृहस्थ होते, पण निर्णय म्हटला की त्यांना घाम फुटे. ते माझ्याबरोबर दालनात आले. काकू आल्या. बाबाजी होतेच. भिंतीकडे तोंड करून पडलेल्या तांडेलाच्या पाठीमागे आमची सभा भरली. देवस्थान, शास्त्र, लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. माणसाच्या डोक्यावरून त्याच्याविषयी बोलायचं नाही हा नियम आम्ही सगळेच विसरलो होतो. मग भिंतीकडून आवाज आला. आजाराने बसका झाला होता, तरी ऐकू आला.

"गलबत नांगरार आसला ना, काय भरतीबरोबर एका वाटेक तोंड करता, सुकतीबरोबर दुसऱ्या. आमी आत निजलेले. आमची टाळकी पण फिरतत. सगळ्या दिशांक पाय करून निजलंय मी जन्मभर. दक्षिणेक पाय झाले म्हणान कोण मेलो नाय. मेले ते बुडान मेले."

 भिकाजीपंतांनी टोपी काढून डोकं पुसलं आणि त्यांना साजेसा निवाडा दिला. दिवसभर हवं तसं ठेवा, पण दिवेलागणीला उशी दक्षिणेला असली पाहिजे. देवापुढे दिवा लावताना घरात जिवंत माणूस उलटा नको. काकूंनी मान हलवली, पण "नाही" म्हटलं नाही.

मी त्याला फिरवला. एकटीने, कारण काकू हात लावणार नव्हत्या. आधी कमरेखाली चादर सरकवून मधोमध घेतला, मग पाय ओढून घेतले, मग खांदे. घामाघूम झाले. उजव्या कुशीवर टेकवलं, सावरीच्या कापसाची चुंबळ खुब्याखाली दिली, गुडघ्यांमध्ये उशी ठेवली. तो पुष्कळ वेळ बाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "ता बघ, राजापुराकडचा आसा. रिकामा. जड असता तर इतका नाचला नसता." आणि थोड्या वेळाने, "पेज आसा काय गो?"

जखम भरायला पावसाळा गेला. रोज धुवायची, कडा बघायच्या, लाल मांस वर आलं का बघायचं. कडेने नवी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी सरकत आली तेव्हा मी डॉक्टरांची वाट न बघता काकूंना ओढत आणून दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून तांडेलाला फिरवताना खांदे त्या धरू लागल्या.  आता उलटं निजवलं की तांडेल आणि बाबाजी यांची डोकी जवळ येत, त्यामुळे भांडणं जास्त सोयीची झाली होती. ते दोघेही त्याने सुधारले.

त्या दिवसांत दुपारची कामं आटपली की मी त्याच्या खाटेशी चादरी शिवत बसत असे. त्याने एकदा विचारलं, "तुजा कोण आसा गो?"

"कोणी नाही."

"माका पण." मग पुन्हा, "बरा आसा. दोगांका कोण नाय, म्हणजे तसो हिशेब बरोबर आसा."

 त्या संध्याकाळी मला घरी असल्यासारखं वाटलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

आणि उन्हाळ्याच्या अखेरीस पुतण्या आला. आगबोटीवरचं काम सोडून, गावी खाडीकाठी घर बांधून, लग्न करून, दोन मुलांचा बाप होऊन आला होता. काका कुठे आहे याचा तपास त्याला उशिरा लागला होता. "काकांक न्हेवूक इलंय," तो दारातच म्हणाला, आणि चांगला उंचपुरा पुरुष हमसून रडला. त्याच्याबरोबर त्याची बायको होती, सुभद्रा. पदर डोक्यावरून ओढलेला, मान खाली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, न्यायला हरकत नाही. जखम पूर्ण भरली आहे. जखम भरली नसती तर हलवता आलं नसतं, हे माझ्या मनात येऊन गेलं, आणि ते मी मनातून हाकललं.

मी सुभद्रेला समोर बसवून सगळं दाखवलं. खांदा कसा धरायचा, चादर कशी सरकवायची, चुंबळ कुठे, उशी कुठे, कातडी रोज कुठे कुठे बघायची, रंग कसा बदलतो. ती बघत होती, पण तोंडाने एक शब्द नाही. एक प्रश्न नाही! मला संताप आला. ज्याला काम समजतं तो काहीतरी विचारतो. दोन लहान मुलं, शेत, गुरं, आणि ही मुकी बाई. महिन्याभरात हाड दिसेल, मला खात्री होती. तांडेल मात्र खुशीत होता. झोळीत घालून खाली उतरवताना त्याने बाबाजींना ओरडून "हजर" म्हटलं. बाबाजींनी भिंतीकडे तोंड केलं.

पुढचा पावसाळा मी कसा काढला ते सांगत नाही. समुद्र बंद, आगबोटी बंद, तिकडची खबर यायची सोय नाही. खाटेवर दुसरा माणूस आला, त्याची कूस बदलत होते, आणि प्रत्येक बांगेला मनात येई, तिकडे आता कोण बदलत असेल? बोटी सुरू झाल्यावर मी रजा मागितली. भिकाजीपंतांना धक्काच बसला, कारण मी रजा कधी घेतलीच नव्हती. घेऊन जायचं कुठे? बोचक्यात स्पिरिट, बोरिकची पूड, उकळलेल्या चिंध्या आणि नव्या चुंबळी घेतल्या. सुभद्रेला काय काय बोलायचं ते बोटीत बसून पाठ केलं.

विजयदुर्गाला उतरून खाडीच्या कडेने चालत गेले. माडांतलं घर, पुढे मोठा मांडव. मांडवात, भिंतीला नाही, अगदी मधोमध, तांडेलाची खाट. एका बाजूला खाडी, आतबाहेर करणाऱ्या होड्या. दुसऱ्या बाजूला अंगण, चूल, विहिरीची वाट, शेजाऱ्यांची दारं आणि पोरांचा गोंधळ. सुभद्रा त्याच वेळी कूस बदलत होती. "काकानूं, खांदो धरतंय हां," असं म्हणून तिने खांदा धरला. माझं बोलणं, माझाच हात. चादरीला एक सुरकुती नव्हती.

मला बघून ती धावत आली. "ताय! येवा, बसा." पाण्याचा तांब्या, गूळ, पाट. कोणी मला विहिरीवर पाठवलं नाही. मी बोचकं मांडीवर धरून बसले. मग तिला विचारलं, दक्षिणेकडे पाय करायला घरातल्यांनी हरकत घेतली नाही का?

तिने माझ्याकडे नवलाने बघितलं. "फिरवूक लागतच नाय, ताय. ह्या कुशीर झाले काय खाडी बघतत, त्या कुशीर झाले काय आमका बघतत. आता तर खाडीकडे ऱ्हवतच नाय. पोरांकडेच तोंड करून होया."

 माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तो मला सोसवला नाही. बंगल्यात मी त्या माणसासाठी शास्त्राशी भांडले, दिशा उलट्या केल्या, कारण आमच्याकडे दुसऱ्या बाजूला भिंत होती. दुसऱ्या बाजूला माणसं ठेवावीत हे माझ्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. कुठून येणार? मी स्वतः इतकी वर्षं तशीच राहिले होते. परत आल्यावर मी भिकाजीपंतांच्या मागे लागून दालनातल्या खाटा भिंतीपासून सोडवल्या आणि समोरासमोर मांडल्या, आणि आमच्या इथल्या कितीतरी माणसांच्या जगण्याला त्याने चव आली. पण ते नंतरचं.

तांडेल माझ्याशी बोलला. चांगलं बोलला. काकू कशा आहेत, बाबाजी मेलो काय, आपली खाट कोणाला दिली. मी म्हटलं, कातडी बघू का? त्याने हसून मान डोलावली. मी बघितली. डावा खुबा, उजवा खुबा, माकडहाड, टाचा. बघण्यासारखं काही नव्हतं. बोचक्यातलं सामान मी सुभद्रेला देऊन टाकलं. तिने आग्रहाने जेवायला बसवलं, सगळ्यांच्या पंगतीत, आणि मी पानातला भात नुसता कालवत राहिले.

बोटीची वेळ झाली म्हणून उठले. तांडेल तेव्हा अंगणाकडच्या कुशीवर होता. धाकटा पोरगा त्याच्या पोटाशी बसून नारळाच्या करवंटीची होडी करत होता आणि तो त्याला "शीड तशा नाय बांधत रे मेल्या" म्हणून शिकवत होता. मी खाडीच्या बाजूने वाट धरली. बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, थांबून वळून बघितलं. उघडी पाठ माझ्याकडे होती. उन्हात चकचकत होती, खोबरेल लावलेलं दिसत होतं, खांद्यापासून कमरेपर्यंत एक डाग नाही. न हलणाऱ्या माणसाची इतकी स्वच्छ पाठ मी माझ्या सबंध नोकरीत पाहिली नव्हती. येते म्हणून हाक मारली असती, तर सुभद्रेला त्याला माझ्याकडे वळवावं लागलं असतं. मी बेडं लावलं आणि बंदराकडे चालू लागले.